इंजिन थांबल्यावर येणारा आवाज टायमिंग चेनचा कसा असेल?

गाडीची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं डिझेल गाड्यांच्या आवाजाचीच आहेत, त्यातली चार घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीये कारण त्यात गॅरेजने सांगितलेला खर्च मोठा आहे, आणि माझ्या मते तो करायची वेळ बहुतेक येणार नाही, निदान फुकटात होणाऱ्या दोन-तीन तपासण्या केल्याशिवाय तरी नाहीच.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे २०१४ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. दोनेक महिन्यांपासून आयडलिंगला बेल्टच्या बाजूने खरखर येते, एसी लावला की वाढते, रेस दिली की दबते, आणि चावी बंद केली, इंजिन थांबलं तरी एक-दोन सेकंद घर्रर्र असं काहीतरी फिरत राहतं. आमच्या इथला गॅरेजवाला म्हणतो टायमिंग चेन गेली, इंजिन उतरवावं लागेल, ३५ हजार तयार ठेवा. दुसऱ्या मेस्त्रीला दाखवली तर तो म्हणतो डिझेल आहे, आवाज येणारच, चालवा बिनधास्त. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन कोल्हापूरला जायचंय. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : सध्या दोघांचंही ऐकू नका. तुम्हीच लिहिलंय की इंजिन थांबलं तरी एक-दोन सेकंद काहीतरी फिरत राहतं, सगळी मेख तिथे आहे. टायमिंग चेन म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारी साखळी, ती क्रँकवरून चालते, क्रँक थांबला की चेन त्याच क्षणी थांबते, कॅम थांबतो, व्हॉल्व्ह थांबतात, पिस्टन थांबतात. मग इंजिन गप्प झाल्यावर फिरू शकेल असं उरतं काय? एक टर्बो, पण त्याचा आवाज बारीक, शिट्टीसारखा असतो आणि एक्झॉस्टच्या बाजूने येतो. दुसरा रेडिएटरचा पंखा, तो इलेक्ट्रिक आहे, फिरतोय का ते समोर उभं राहून डोळ्यांनी दिसतं. आणि तिसरा अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), तोही त्याच्या पुलीत फ्रीव्हील असेल तरच. तुम्ही बाजू बेल्टची सांगताय, म्हणून माझा पहिला संशय अल्टरनेटरच्या पुलीवर, नाहीतर त्याच्या बेअरिंगवर.

ही फ्रीव्हील पुली बऱ्याच डिझेल गाड्यांना असते आणि ती का असते हे कळलं की बाकीची लक्षणं आपोआप जुळतात. चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला साधारण २७ धक्के, आणि डिझेलचे धक्के पेट्रोलपेक्षा जोरकस असतात, त्यामुळे क्रँक एकसारखा न फिरता झटके देत फिरतो. अल्टरनेटरचा रोटर जड, वर तो क्रँकच्या दोन-तीन पट वेगाने फिरतो, त्याला दर झटक्याला वेग बदलणं जमत नाही आणि ती सगळी ओढाताण बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोसतात. म्हणून पुलीच्या आत एकाच दिशेने पकडणारा क्लच देतात, सायकलचं पेडल थांबवलं तरी मागचं चाक फिरत राहतं ना, तसंच. लाख-दीड लाख किमीला हा क्लच झिजला किंवा जाम झाला की आयडलिंगला खरखर सुरू होते, झटके तिथेच जास्त जाणवतात, रेस दिली की फिरणं सलग होतं आणि आवाज दबतो. एसी लावला की कंप्रेसरचा भार बेल्टवर येतो, शिवाय पंखा-ब्लोअर चालल्याने अल्टरनेटरला जास्त करंट द्यावा लागतो, मग आवाज वाढतो. तुमचं वर्णन सगळं बसतंय.

आता घरी करायची तपासणी. एसी बंद ठेवा, इंजिन आयडलिंगला, आणि हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही, असं सगळं एकदम लावा. एसी न लावताही आवाज वाढला तर बोट अल्टरनेटरकडे जातं. मग बॉनेट उघडून टॉर्चने टेन्शनरचा हात बघा, तो आयडलिंगला जवळजवळ स्थिर असला पाहिजे, थडथड उडत असेल तर पुली किंवा टेन्शनर यातलं एक गेलंय. बघताना ओढणी, टाय, लांब बाही, हातातलं कडं काही लोंबकळत ठेवू नका आणि हात लांब ठेवा, हे अगदी मनापासून सांगतोय, फिरत्या बेल्टने बोटं गेल्याची उदाहरणं कुठल्याही जुन्या मेस्त्रीला विचारा.

पुढची टेस्ट गॅरेजमध्ये करायची, पण समोर उभं राहून. बेल्ट काढायला सांगा आणि इंजिन वीस-तीस सेकंदच चालू करा, जास्त नाही, कारण काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो आणि तो थांबलेला असतो. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. आवाज गेला? मग दोष बेल्टवरच्या कशात तरी आहे, चेनचं नाव काढायचं कारणच उरत नाही. आवाज तसाच राहिला तरच चेनची गोष्ट करायची. बेल्ट काढलेलाच आहे तर इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवून घ्या, अल्टरनेटर, एसी, टेन्शनर, आयडलर, सगळ्या. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं, खराब झालेलं हाताला खरबरीत लागतं किंवा हलवलं तर लटपटतं. अल्टरनेटरची पुली फ्रीव्हीलची असेल तर रोटर धरून ठेवून ती दोन्हीकडे फिरवून बघायची, एका दिशेने मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने पकडली पाहिजे. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे घट्ट असेल तर गेली. ती काढायला वेगळा स्प्लाइनचा टूल लागतो, छोट्या गॅरेजात नसेल तर अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेतात, त्यात गैर काही नाही. सगळं मिळून खर्च त्या ३५ हजारांच्या जवळपासही जात नाही.

तरीपण चेनवाल्याला अगदी मोडीत काढू नका. १२४८ सीसीचं हे इंजिन आपल्या रांजणगावलाही बनायचं, २०२० ला बीएस ६ (धुराचे नवे नियम) आलं आणि आपल्याकडे ते बंद झालं, आणि त्यात टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे हे खरं. चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणून चेन ढिली झाली की पहिली खूण सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिळते, टायमिंग कव्हरच्या आतून साखळी ओढल्यासारखी खळखळ, प्रेशर येईपर्यंत. ती एक-दोन सेकंदात न थांबता लांबायला लागली, स्टार्टर जास्त वेळ मारावा लागायला लागला, किंवा स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नसल्याचा पी ००१६ कोड आला, तर मात्र एक दिवस थांबू नका. चेन तुटली किंवा दाते सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग ३५ हजारांत काही भागत नाही. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्यांच्या गाडीत हे लवकर होतं.

दुसऱ्या मेस्त्रीचं म्हणणं अर्धंच बरोबर. डिझेलमध्ये स्पार्क नसतो, दाबून तापवलेल्या हवेत डिझेल पडून स्वतःच पेट घेतं, म्हणून थंड इंजिनची टकटक असतेच, पण ती सगळ्या सिलेंडरची सारखी असते, गरम झाल्यावर कमी होते, आणि मुख्य म्हणजे इंजिनबरोबर थांबते. तुमचा आवाज दोन महिन्यांपूर्वी नव्हता, आता आहे, तो डिझेलचा स्वभाव कसा म्हणायचा?

कोल्हापूरला जायच्या आधी बेल्टची टेस्ट करून घ्याच, अर्ध्या तासाचं काम आहे. पुली वाटेत जाम झाली आणि बेल्ट गेला तर चार्जिंग बंद, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापणार. आईंना घेऊन हायवेवर असं अडकायला नको.

प्रश्न : २.२ लिटर डिझेल एसयूव्ही आहे. इंजिनच्या वरून चक-चक-चक असा आवाज येतो, भार आला की वाढतो, आणि एसीच्या हवेतून धुराचा-डिझेलचा वास येतो. सर्व्हिस सेंटरने चारही इंजेक्टर बदलायला सांगितले, आकडा ऐकून झोप उडाली.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आवाज आणि वास बरोबर आलेत ना, मग इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) खराब असण्याआधी इंजेक्टरच्या बुडाचं तांब्याचं वॉशर लीक असण्याची शक्यता मोठी. त्या वॉशरमधून सिलेंडरमधला दाब दर स्फोटाला वर फुसकतो, तोच तुमचा चक-चक. वरचं प्लास्टिक कव्हर काढून बघा, एखाद्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कडक थर जमलेला दिसेल, आणि त्याच्या खाचेत थोडं साबणाचं पाणी सोडून इंजिन चालू केलं तर बुडबुडे येतील. जिथे बुडबुडे तिथे लीक. वॉशर स्वस्त आहे, खरी मेहनत इंजेक्टर न मोडता काढायची आणि खाली बसायची जागा कटरने साफ करायची. जागा साफ न करता नुसतं नवं वॉशर टाकलं तर थोड्याच दिवसांत परत तेच, आणि जुनं वॉशर परत वापरू देऊ नका, बोल्टही टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा. उशीर मात्र करू नका, तो थर जितका जमेल तितका इंजेक्टर आत घट्ट चिकटत जातो.

वॉशर सगळे ठीक निघाले तर इंजेक्टरकडे वळायचं, पण चारही सरसकट कशाला? स्कॅनरवर एकेक सिलेंडर बंद करायची टेस्ट असते, ज्याला बंद केल्यावर टकटक जाते तो दोषी. शिवाय रिटर्नच्या नळ्यांना बाटल्या लावून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते मोजता येतं. या दोन्ही टेस्टचा रिपोर्ट मागा, मागायचा हक्क आहे तुमचा. आणि नवा इंजेक्टर बसवला तर त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, तो भरला का हे विचारा, नाहीतर नव्या इंजेक्टरनेही आवाज येत राहू शकतो.

इथे एक गोष्ट सगळ्याच वाचकांसाठी. जुन्या पंपाच्या डिझेलमध्ये मेस्त्री चालू इंजिनवर पाइपचा नट ढिला करून सिलेंडर तपासायचे. कॉमन रेलवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून जबर दाबाने डिझेल देणारी आताची पद्धत) हे अजिबात करायचं नाही, करूही द्यायचं नाही. आत १६०० बारच्या घरात किंवा त्याहून जास्त दाब असतो, त्याची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, वरून टोचल्याएवढंच दिसतं पण आत डिझेल पसरतं, हाताला तसं लागलं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. चालू इंजिनवर इंजेक्टरचे कनेक्टरही ओढू नका, तिथे १२ च्या कितीतरी पट व्होल्ट असतात.

प्रश्न : न्यूट्रलला गाडी उभी असली की खडखड येते, क्लच दाबला की एकदम शांत. इंजिनचं काम निघालंय का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही, आवाज गिअरबॉक्सच्या बाजूचा आहे. क्लच दाबल्यावर इंजिन तर फिरतच असतं, थांबतो तो गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. म्हणजे एकतर त्या शाफ्टचं बेअरिंग, नाहीतर क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, किंवा गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल तर ते. फ्लायव्हीलची बहुतेक वेळा आणखी एक खूण असते, इंजिन बंद करताना खणखण करून गाडी हलते. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असता तर मी रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. आधी गिअर ऑइल बघून घ्या. गिअरबॉक्स उतरवायचा ठरला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही त्याच वेळी बघून घ्या, मजुरी दोनदा द्यायला नको.

प्रश्न : शेतमाल भरून चढ चढताना इंजिनच्या खालून ठक-ठक असा जड आवाज येतो, रेस वाढवली की वाढतो. कालपासून आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय. ऑइलची पातळी बरोबर आहे. लातूरला आमचा नेहमीचा मेस्त्री आहे, ९० किमीवर, हळूहळू नेली तर चालेल का?
(एक वाचक)

उत्तर : नाही चालणार. गाडी आहे तिथेच उभी करा, परत स्टार्टही मारू नका. खालून येणारा, भाराबरोबर वाढणारा जड ठोका आणि सोबत ऑइलचा दिवा, ही लक्षणं कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंगची आहेत. पातळी बरोबर असणं म्हणजे प्रेशर बरोबर असणं नव्हे. बेअरिंग झिजून गॅप वाढला की ऑइल तिथून निसटतं आणि प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की बेअरिंग आणखी झिजतं. आत्ता थांबलात तर कदाचित बेअरिंग आणि क्रँकच्या पॉलिशवर निभावेल, त्या ९० किमीत रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला तर इंजिनच बदलावं लागेल. टोचन करून किंवा टेम्पोत घालून न्या. मेस्त्रीला सांगा की इंजिन चालू करायच्या आधी ऑइल एका स्वच्छ भांड्यात काढून उन्हात बघ, त्यात चमकणारी कणी दिसली तर संप (इंजिनच्या बुडाचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंग तपासल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कणी नसेल तरच ऑइल भरून, मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोज, कारण कधीकधी नुसता दिव्याचा स्विच खराब असतो, पण जड ठोका सोबत असताना त्या भरवशावर गाडी चालवायची नाही. गेजवरही प्रेशर कमीच आलं तर लगेच बंद करायचं आणि संप उतरवून बेअरिंग तपासल्याशिवाय इंजिन परत चालू करायचं नाही.