सोलापूरचे चार हुतात्मे आणि सिद्धेश्वर यात्रा: मान राखायचा म्हणजे काय करायचं?

तुम्ही विचारलंय की नोकरीनिमित्त सोलापुरात राहायला आलात, जानेवारीत चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि सिद्धेश्वरांची यात्रा पाठोपाठ येतात, तर पुतळ्याला हार घालणं आणि देवळात दर्शन घेणं यापलीकडे एखाद्या कुटुंबाने काय करावं. मी इथलाच आहे. माझ्या मते, नेमकं काय घडलं ते तपशिलासकट जाणून घ्यावं आणि घरात सांगावं. ‘थोर परंपरा’, ‘अमर बलिदान’ हे शब्द भाषणात ऐकून कानावरून जातात. तपशील मात्र लक्षात राहतो.

आधी चार नावं पूर्ण पाठ करा: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. बरेच जण ‘चार पुतळे’ म्हणून रिक्षा थांबवतात, पण चौघांची नावं सांगा म्हटलं की दोनावर अडखळतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी आणि एक मुसलमान. कुर्बान हुसेन तर ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवणारा तरुण. १२ जानेवारी १९३१ रोजी, संक्रांतीच्या तोंडावर, चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली.

का दिली, हे त्यापुढचं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. दारूबंदी हा तेव्हा सत्याग्रहाचा भाग होता, म्हणून ८ मे रोजी लोक रुपाभवानी मंदिराकडच्या शिंदीच्या बनात झाडं तोडायला गेले. पोलिसांनी धरपकड केली, जमाव हटेना, गोळीबार झाला. हातात झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले. पुढचे तीन दिवस गावात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. रहदारीपासून बंदोबस्तापर्यंत सगळं काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळलं. मग लष्कर आलं. १२ मे ते ३० जून मार्शल लॉ होता. त्या काळात डोक्यावर गांधी टोपी घालणं किंवा हातात झेंडा धरणं यावरही शिक्षा होत होती. पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला गेला. गाव तेव्हाही म्हणत होतं आणि आजही म्हणतं की फास त्यांच्या गळ्यात अडकवला तो गावाला धडा शिकवण्यासाठी.

शंकर शिवदारेचं नाव बहुतेकांच्या तोंडी नसतं. मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करा, कारण चौघांची गोष्ट त्याच्याशिवाय समजतच नाही. गिरणीत पाळी करून मोर्चात येणारे, ज्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही, अशा कामगारांचाही उल्लेख करा.

आता सिद्धरामेश्वरांकडे, म्हणजे गावाच्या सिद्धेश्वरांकडे. इथे मी जास्त रेंगाळणार आहे. बाहेरून आलेल्यांना यात्रा म्हणजे होम मैदानावरचे पाळणे आणि शोभेची दारू एवढंच दिसतं.

बाराव्या शतकातलं सोन्नलगी हे गाव, आजचं सोलापूर. सिद्धरामांची आई सुग्गलादेवी, वडील मुद्दगौडा. पोरगा शेतावर राखणीला असताना मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या (लिंगायत साधूच्या) रूपात आला, हुरडा मागितला आणि मग दहीभात मागितला. पोरगा घरी धावत गेला, परत आला तर मल्लय्या नाही. त्याला शोधत तो थेट श्रीशैलला पोहोचला, अशी आख्यायिका आहे. तिथून परतल्यावर त्यांनी काय केलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: तलाव खोदला. ज्वारीच्या कोरड्या मुलखात पाणी केलं, तेही शिष्यांसोबत स्वतः राबून. पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली. लिंगायत संत अल्लमप्रभू गावात आले तेव्हा त्यांनी ‘तो माती खोदणारा राम कुठंय’ असं विचारलं आणि काम करणारे शिष्य त्यांच्यावर दगड घेऊन धावले, असं शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगतात. पुढे दोघांचा वाद झाला. अल्लमप्रभूंचं म्हणणं: बाहेर तळी खोदतोस ते ठीक, आतलं कधी बघणार? सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) बसवण्णांकडे गेले. त्यांची कन्नड वचनं आजही आहेत, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांची मुद्रा, म्हणजे वचनात येणारी नाममुद्रा. मराठी बोलणाऱ्या गावाचं ग्रामदैवत कन्नडमधून बोलतं आणि गाव ते आपलं मानतं.

यात्रा म्हणजे एक लग्न आहे. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तोच सोहळा दरवर्षी होतो. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर (लग्न लागतं त्या चौथऱ्यावर) अक्षता, मग होम. हिरेहब्बूंच्या घराण्याकडे पूजेचा मान. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत, मातंग समाजाकडेही. पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घातलेला माणूस नंदीध्वजाची उंच जड काठी पोटाशी तोलून चालतो. त्याचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी गल्लीबोळांतून सुरू होतो.

तर, करायचं काय? एक दिवस सवड काढून ६८ पैकी जमतील तेवढ्या लिंगांपर्यंत पायी जा, जुनं गाव त्याने समजतं. तलावात निर्माल्य टाकू नका आणि कुणी टाकत असेल तर थांबवा. ज्याने हातांनी तो खोदला त्याच्यासाठी यापेक्षा मोठी पूजा मला सुचत नाही. १२ तारखेला पुतळ्यापाशी मुलांना नेऊन वर सांगितलेलं सांगा, फोटो नंतर काढा. आणि कुणी दोन गोष्टींची सरमिसळ करून हुतात्म्यांतल्या कुर्बान हुसेनना वगळायला लागलं, किंवा उलट कुणी यात्रेला निव्वळ जत्रा म्हणून हिणवलं, तर गप्प बसू नका. आपल्या स्टेशनावरून पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस आहे आणि मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस. गावाला दोन्ही नावं सारखीच जवळची आहेत.

अक्षतांना जाणार असाल तर सकाळीच निघा, दुपारी संमती कट्ट्याजवळ मुंगीला वाट मिळत नाही. पांढरे कपडे घाला, अक्षता घरूनच खिशात घेऊन जा. संमती, म्हणजे लग्नाच्या वेळचं पठण, कन्नडमध्ये वाचतात. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर आलं की अक्षता टाकायच्या. लहान मुलांना खांद्यावर घ्या.