मी गे आहे, आई मल्याळी, बाबा आगरी. हे सगळं माझ्या पहिल्या फॅशन कलेक्शनमध्ये कसं आणू?

वय 20 लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतो. राहायला घणसोली, शिकायला खारघर, आणि वर्गातले सगळे सांगतायत की इंद्रधनुष्य छाप, एखादा काठ लाव, झालं. मी ठाण्यात कटिंग मास्टर आहे, आणि गेही. माझं म्हणणं, प्रिंटला शेवटी हात लाव. सुरुवात कटपासून कर.

कपडा बाईचा की पुरुषाचा हे कटिंग टेबलावरच ठरतं. मापाच्या वहीत पहिला प्रश्न 'जेंट्स की लेडीज?' आणि त्या उत्तरावर टक्स (कापडाला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या), बाहीच्या मुंढ्याची खोली, बटणांची बाजू सगळं ठरलेलं. पुरुषाच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीवर, बाईच्या डाव्या. अंगाचा याच्याशी काय संबंध? नुसता रिवाज. तेव्हा डबल ब्रेस्टेड कापून दोन्ही पट्ट्यांना काजं करून बघ, म्हणजे घालणाऱ्याला हवी ती पट्टी वर घेता येईल. शेफच्या कोटाला ही सोय असतेच. समोरचा भाग मळला की पट्टी बदलायची.

साडीवर ब्लाऊज शिवायला मुलगेही येतात माझ्याकडे. बायकांचा कागदी पॅटर्न तसाच वापरला तर टक्सच्या टोकाशी कापड फुगतं आणि पाठ ओढते. पुढचे टक्स काढायचे, खांदा आणि पाठ त्याच्याच शर्टाच्या मापानं ठेवायची. मग तो सोंग घेतल्यासारखा दिसत नाही. ट्रायलला आरशासमोर त्याचे खांदे सैल पडतात ना, तेव्हा समजायचं, बसलं.

आता तुझी दोन घरं. मुंडु-नेरियत म्हणजे मल्याळी बायकांचा दोन तुकड्यांचा पोशाख; त्यातलं खालचं वस्त्र आणि पुरुषाचं मुंडू (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) जवळजवळ एकच: तोच कोरा रंग, तोच कसवाचा, म्हणजे सोनेरी जरीचा काठ. इकडे आगरी म्हातारीचं लुगडं गुडघ्याशी आखूड, काष्टा मागे खोचलेला; धोतराचा काष्टाही मागेच. मिठागरात आणि भाताच्या चिखलात राबायचं तर पाय मोकळे हवेत, बाई असो की बाप्या. दोन्ही घरांत बाई-बाप्याचं वस्त्र जवळपास सारखं; या घरात आणि त्या घरात फरक नेसण्याचा. मला तुझं कलेक्शन इथे दिसतं. मुंडू काष्ट्यानं नेसवून बघ. जमलं तर ती घडी शिवून पक्की कर. फक्त कसव विणतानाच काठाला येतो, मधून कापलास तर मिळणार नाही, म्हणून तुकडे सरळ, काठ धरूनच पाड. आणि पैठणीचा काठ कॉलरला डकवून त्याला फ्यूजन म्हणू नकोस, हात जोडतो. लग्नसराईत तसली जॅकेटं रगड शिवली आहेत मी, पोटासाठी.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सचं काम बघ. मुंबईत जन्मलेला गोवेकर, उघडपणे गे. 2002 मध्ये फ्रेंच कायद्यानुसार जोडीदाराशी नातं नोंदवलं, 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, 2020 मध्ये गेला. त्याचं नाव झालं ते सुटसुटीत, पांढऱ्या, गोव्याच्या हवेला मानवणाऱ्या कपड्यांमुळे आणि कुणबी साडी पुन्हा मागावर आणल्यामुळे. झेंडा न फडकवताही माणूस पुरता दिसतो त्यात.

बालगंधर्वांचा उल्लेख करशीलच, सगळे करतात. त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या, हे तुझ्या कामाचं आहे: बाईपणाची फॅशन एका पुरुषानं ठरवली. पण ते 'आपल्यातले' होते असं लिहू नकोस. रंगमंचावरच्या भूमिकेवरून माणसाचं खासगी आयुष्य ठरवायचं नसतं.

घरी माहीत आहे की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा प्रश्न 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात सुटला, घरातला ज्याचा त्याला सोडवावा लागतो. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांना दाखवायच्या तक्त्यावर, इन्स्टाग्रामवर किती उघड लिहायचं हे आधी ठरव. प्रदर्शनाला आई-बाबा येतात, आणि काकाही. काष्टा आणि दुहेरी काजं यांवर पूर्ण तक्ता भरता येतो, 'गे' शब्द न लिहिता. तो लिहायचा का, कधी, हे तुझं तू ठरव. सरांनी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

खरं मुंडू कापण्याआधी मांजरपाटावर दोन-तीन नमुने कर. स्वस्त पडतं, आणि काष्ट्याची घडी पहिल्या फटक्यात बसत नाही. अडलास तर पॅटर्नचा फोटो इथेच टाक, मापांसकट.