ओल्गा सेदाकोवा: कविता, अनुवाद आणि एका शब्दाचं वजन

तुम्ही विचारलंय, ‘हल्लीच्या काळातल्या एखाद्या रशियन कवी-अनुवादकाची कारकीर्द कशी असते? अनुवाद पोटापाण्यासाठी असतो की तो कवितेचाच भाग?’

रशियात या दोन्ही गोष्टी फार जुन्या आहेत. सोव्हिएत काळात ज्यांची स्वतःची कविता छापली जात नव्हती, अशा कितीतरी कवींचं घर अनुवादावर चाललं. पास्तरनाक यांनी शेक्सपिअर आणि गोएथेचं ‘फाउस्ट’ रशियनमध्ये आणलं. आर्सेनी तार्कोव्स्की (दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्कींचे वडील) वर्षानुवर्षं जॉर्जियन आणि तुर्कमेन कवींचे अनुवाद करत राहिले. त्यांचा स्वतःचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला, तेव्हा त्यांनी पंचावन्नी गाठली होती.

पण मला सांगायचंय ते ओल्गा सेदाकोवा यांच्याबद्दल. मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकले, आणि त्या भाषेत मी सगळ्यात जास्त वेळा परत परत वाचलेल्या कवयित्री त्याच आहेत.

जन्म १९४९ चा, मॉस्कोतला. वडील लष्करी इंजिनिअर. त्यांच्या कामामुळे कुटुंब काही काळ बीजिंगला होतं आणि ओल्गाबाईंची शाळा तिथंच सुरू झाली. पुढे तीस वर्षांनी त्यांनी ‘चिनी प्रवास’ ही कवितामालिका लिहिली. मॉस्कोला परतल्यावर पियानो शिकवणाऱ्या गुरूंनी रिल्केची ओळख करून दिली. रिल्के मुळातून वाचायचा म्हणून त्या जर्मन शिकल्या, दान्ते वाचायचा म्हणून इटालियन. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतं. आधी कवीवर जीव जडला, मग त्याची भाषा आली, आणि अनुवाद त्यानंतर.

मॉस्को विद्यापीठातून १९७३ साली त्या पदवीधर झाल्या. स्लाव्ह लोकांच्या अंत्यविधींवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि त्यासाठी भाषाशास्त्रज्ञ निकिता टॉल्स्टॉय (लिओ टॉल्स्टॉय यांचे पणतू) यांच्या पथकाबरोबर पोलेस्येच्या, म्हणजे बेलारूस-युक्रेन सीमेवरच्या दलदलीच्या प्रदेशातल्या, खेड्यांमधून हिंडल्या. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून विधी आणि विलापगीतं उतरवून घेणं हे काम. ‘जुनी गाणी’ या मालिकेत हा कान जाणवतो. साधे शब्द, लहान ओळी, आजीची माया, देवाशी सलगी. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला जात्यावरच्या ओव्याच आठवल्या.

आणि यातलं काही छापलं जात नव्हतं. कविता नाहीत, लेख नाहीत, अनुवादही जवळजवळ नाहीत. धार्मिक, पुस्तकी, अनाकलनीय असे शेरे मिळायचे. म्हणजे पास्तरनाक यांना अनुवादाचा जो आडोसा मिळाला, तोही यांच्या वाट्याला धड आला नाही. १९८३ पासून काही वर्षं त्या एका शास्त्रीय माहिती संस्थेत परदेशी भाषाशास्त्रीय ग्रंथांवर टिपणं लिहीत होत्या. कविता टंकलेखन यंत्रावर फिरत होत्या. पातळ कागद, मधे कार्बन, एका वेळी चार-पाच प्रती, आणि शेवटच्या प्रतीवरची अक्षरं इतकी पुसट की ओळ अंदाजानं लावायची. ज्याला आवडेल तो पुन्हा टंकायचा आणि पुढं द्यायचा. १९८३ मध्येच त्यांना आंद्रेई बेली पुरस्कार मिळाला. लेनिनग्राडच्या अशाच हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या एका नियतकालिकाच्या मंडळींनी तो सुरू केला होता. पुरस्काराचं स्वरूप: एक रूबल, एक सफरचंद आणि व्होडकाची बाटली. मला हा पुरस्कार फार मोठा वाटतो. तो देणाऱ्यांनी त्या कविता खरोखर वाचलेल्या होत्या.

पहिलं पुस्तक १९८६ साली निघालं, तेही पॅरिसला. मायदेशात १९९० ची वाट बघावी लागली. तेव्हा त्या चाळिशीत होत्या. त्यानंतर मॉस्को विद्यापीठात अध्यापन, २००३ चा सोल्झेनित्सिन पुरस्कार, २०१० मध्ये चार खंडांत समग्र लेखन. हा भाग कुठंही वाचायला मिळेल, म्हणून लांबवत नाही.

त्यांच्या ज्या कामावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, ते म्हणजे एक शब्दकोश. रशियन चर्चमध्ये प्रार्थना होते ती जुन्या चर्च-स्लाव्होनिक भाषेत. ती रशियन माणसाला कळते असं वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. ‘झिवोत’ म्हणजे आजच्या रशियनमध्ये पोट, प्रार्थनेत जीवन. ‘त्योप्ली’ म्हणजे आज उबदार, कोमट. प्रार्थनेत मात्र धगधगता, उत्कट. जिथं भक्ताचं अंतःकरण पेटलेलं असतं, तिथं ऐकणाऱ्याच्या मनात गोधडीची ऊब येते. आपल्याला हे चटकन कळावं. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे वेताची छडी. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. असे फसवे शब्द सेदाकोवांनी कित्येक वर्षं जमवले आणि त्यांचा कोश केला.

दान्तेच्या बाबतीतही त्यांचा हाच ध्यास. रशियनमध्ये दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचा लोझिन्स्की यांनी केलेला यमकबद्ध अनुवाद आहे, त्याला १९४६ मध्ये स्टालिन पुरस्कार मिळाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच वाचला गेला. सेदाकोवांनी यमक बाजूला ठेवलं. मोजके सर्ग घेतले, ओळीला ओळ ठेवून अर्थ उतरवला आणि खाली भरगच्च टीपा दिल्या. हे पुस्तक २०२० मध्ये आलं. यमक गेल्यानं दान्तेची चाल जाते, ही हळहळ मलाही आहे. तरी दान्तेनं नेमका कुठला शब्द वापरला आणि का, हे मला त्यांच्यामुळेच समजलं.

म्हणून, त्यांच्यापुरतं विचाराल तर अनुवाद हे पोट भरण्याचं साधन कधीच नव्हतं. कविता, कोश आणि दान्ते या तिन्ही ठिकाणी त्या एकच काम करतात: गुळगुळीत झालेल्या शब्दाला त्याचं मूळचं वजन परत मिळवून देतात.

वाचायला सुरुवात ‘जुनी गाणी’पासून करा. इंग्रजीत २०१४ साली निघालेल्या ‘इन प्रेझ ऑफ पोएट्री’ या पुस्तकात ती आहेत. रशियन येत असेल तर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कविता, अनुवाद आणि लेख सगळं खुलं आहे.