ड्रोनला जमिनीवरून अखंड वीज देऊन मोबाईलची रेंज वाढवता येते का?

ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासात संपत असेल, तर त्याला जमिनीवरून वीज देऊन मोबाईल टॉवरसारखे वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, आणि तो तसा वापरलाही गेला आहे. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळले आणि दुसऱ्या दिवशी बेटावरचे सुमारे 95 टक्के मोबाईल टॉवर बंद पडले होते. त्याच नोव्हेंबरात एटी अँड टी कंपनीने तेथे छोट्या हेलिकॉप्टरसारखा ड्रोन सुमारे 60 मीटर उंचीवर स्थिर ठेवून शंभरएक चौरस किलोमीटरपर्यंत सेवा पोहोचवण्याची सोय केली.

या व्यवस्थेचा सारा जीव वायरीत आहे. फिरकीवरून मांजा सोडावा तशी ही बारीक वायर ड्रोनबरोबर वर जाते. तिच्यातून वीज जाते आणि ऑप्टिकल फायबरवरून डेटाही. तिचे वजन ड्रोनलाच पेलायचे असल्याने तांबे जाड घेता येत नाही, म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते. हजार वॉट 50 व्होल्टने पाठवायचे तर 20 अँपिअर प्रवाह लागतो, 400 व्होल्टने अडीचच. आणि वायर तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच वायरीत ती 64 पटींनी घटते. हे गणित मला फार मोलाचे वाटते, कारण ड्रोन तासन् तास वर राहू शकतो तो त्याच्याच बळावर.

वायरीशिवायही वीज पाठवता येते. कॅनडात 1987 साली ‘शार्प’ प्रकल्पातील लहान विमान जमिनीवरून सोडलेल्या मायक्रोवेव्हच्या ऊर्जेवर उडाले होते, आणि त्यामागचा हेतूही दूरसंचाराचाच होता. परंतु अंतराबरोबर झोत पसरतो आणि बरीच ऊर्जा वाटेतच जाते, त्यामुळे आज प्रत्यक्ष कामासाठी मी वायरच निवडेन.

उंचीबद्दल मात्र गैरसमज नसावा. 60 मीटरवरून क्षितिज सुमारे 28 किलोमीटरवर असते, तरी हातातल्या फोनचा क्षीण सिग्नल तेथून परत पोहोचायला हवा. शिवाय डोंगर आडवे येतात, म्हणून खरी रेंज बरीच कमी भरते. आणि जमिनीखालची फायबरच तुटली असेल, तर ड्रोनपर्यंत आलेला कॉल पुढे न्यायला उपग्रहाची जोडणी लागते. ती आधी मिळवावी, ड्रोन त्यानंतर मागवावा.