फणसाच्या लाकडाचा देव्हारा होईल का?

प्रश्न : कोकणातल्या घरामागचा जुना फणस वादळात पडला. सुतार म्हणतो, जळाऊ म्हणून विकून टाका. देव्हारा नाही का होणार?

उत्तर : अहो, विकू नका! फणसाचं लाकूड म्हणजे कोकणातल्या जुन्या घरांचे खांब, दारं, देव्हारे, आणि तिकडे दक्षिणेत तर मृदंगाचं खोड नि तंजावरची वीणासुद्धा याचीच करतात, आता असं लाकूड चुलीत घालायचं म्हणजे जीव तुटतो हो. ताजं कापलं की पिवळंधम्मक दिसतं, मग उजेड-हवा लागून वर्षागणिक तपकिरी होत जातं, जवळजवळ सागासारखं. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतचा फिकट भाग किडतो, तो सुताराकडून काढूनच घ्या. घाई मात्र करू नका, आधी फळ्या पाडून टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा नाहीतर तिथूनच चिरा जातात, मग सावलीत, मधे पट्ट्या ठेवून थप्पी लावा. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा, कोकणातल्या पावसात जरा जास्तच. पॉलिश शेवटी, लाकूड पूर्ण वाळल्यावरच.