जेपेगचं टिफ केलं तर फेसातला तपशील परत येईल का?

तारकर्लीच्या फोटोंत लाटांचा फेस पांढराफट्ट आलाय, जेपेगचं टिफ (दर्जा न घटवता साठवणारा फाइल प्रकार) केलं तर सुधारेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही सुधारणार. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६च पायऱ्या, ० ते २५५. २५५ला टेकलेला फेस टिफमध्येही २५५च राहतो, फाइल तेवढी फुगते. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली असेल तर मात्र आशा आहे, कारण १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या मिळतात.

पुढच्या वेळी किनाऱ्यावरच कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत डावीकडच्या अंधारापासून उजवीकडच्या उजेडापर्यंत कुठे किती भाग आहे ते दाखवणारा आलेख. आलेख उजव्या कडेला चिकटला की एक्स्पोजर थोडं खाली घ्या. रॉ काढतानाही कॅमेरा तो आलेख बहुधा जेपेगवरूनच बनवतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जागा उरलेली असते. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आलेख वेगळे लावा: उन्हातली लालभडक होडी असली की एकटा लालच आधी कडेला टेकून कापला जातो, आणि एकत्र आलेखात ते कळतसुद्धा नाही.