सकाळी प्रायमर दाबावा लागतो, म्हणून पंप उतरवायचा?

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवून मी निवृत्त झालो, तरी पत्रं अजून ‘सर’ म्हणूनच येतात. या महिन्यात जुन्या फोर बाय फोर जीपवाल्यांची पत्रं बरीच आली. त्यातल्या एका पत्राला सविस्तर उत्तर देतोय, कारण त्यात विचारलेलं अनेकांच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न : सर, आमच्याकडे 1994 ची महिंद्रा एमएम 540 आहे, प्युजो इंजिनची. सासऱ्यांनी घेतलेली. बागेतलं खत, कलमं, आंब्याच्या पेट्या, सगळं हिच्यावरच जातं. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी नुसता सेल्फ मारून सुरू होत नाही. हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलायचा हातपंप, बराच वेळ दाबला की लगेच उचलते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. गॅरेजमध्ये सांगतात, डिझेल पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला (मशीनवर तपासून माप लावायला) पाठवू. मला या गाडीचं काम स्वतः शिकायचंय. जमेल का? सुरुवात कुठून करू? – एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, नक्की जमेल. आणि पंप एवढ्यात उतरवू देऊ नका.

निदान तुमच्या पत्रातच आहे. प्रायमर दाबला की गाडी उचलते आणि दिवसभर नीट ओढते, म्हणजे डिझेल पोचलं की पंप आपलं काम चोख करतोय. घासलेला पंप साधारण उलटं वागतो. सकाळी कसाबसा चालतो आणि इंजिन तापून डिझेल पातळ झालं की स्टार्टिंगला रडवतो. तुमच्या गाडीत रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतंय आणि त्याच्या जागी हवा शिरतेय. सकाळी तुम्ही प्रायमरने तीच हवा ढकलून काढता.

आता ही हवा शिरते कुठून? टाकीपासून फीड पंपापर्यंतची (हा टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) बाजू ओढीची असते. तिथे पाइपला चीर असली किंवा जॉइंट सैल असला, तरी चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून जमिनीवर थेंब शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि शेवटी सगळ्यांचं बोट पंपाकडे जातं. हजारो रुपयांचं काम असं अंदाजाने निघतं, याचं मला फार वाईट वाटतं. आधी कारण सिद्ध करायचं आणि मगच पाना लावायचा, एवढी एक सवय तुम्ही सुरुवातीपासून लावून घ्या.

कारण सिद्ध करायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन पुरतो. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडा, त्याचं तोंड चिंधीने बंद करा. कॅनमध्ये डिझेल भरून तो पंपापेक्षा उंचावर पक्का बांधा, सायलेन्सरपासून लांब. कॅनमधून नवा रबरी पाइप थेट फीड पंपाला जोडा. हवा काढा, गाडी सुरू करून बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी एका सेल्फला उचलली, तर दोष बहुधा टाकी ते फीड पंप याच टप्प्यात आहे. तरीही प्रायमर दाबावाच लागला, तर दोष पुढे आहे : प्रायमरचं वॉशर, फिल्टरचं पॅकिंग, फीड पंपातले व्हॉल्व्ह किंवा परतीची लाइन. अर्धी गाडी संशयातून सुटते आणि खर्च होतो तो एका पाइपचा. हा कॅन लावून गाडी रस्त्यावर मात्र न्यायची नाही.

बुडबुडे डोळ्यांनी बघायचे असतील तर ओढीच्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक पाइप घाला. हा पाइप डिझेलमध्ये कडक होतो, म्हणून तपासणी झाली की काढून टाका.

माझा अंदाज विचाराल तर रबरी पाइप आणि तांब्याचे वॉशर. रबर वरून धड दिसतं, पण क्लिपखाली वाकवून बघितलं की बारीक चिरा दिसतात. पाइप डिझेलसाठीचाच घ्या, पाण्याचा किंवा गॅसचा नको. तांब्याच्या वॉशरची गोष्ट वेगळी. पाइपाच्या टोकाला असलेल्या गोल डोळ्याच्या दोन्ही बाजूंना तो असतो आणि एकदा आवळला की दाबाने कडक होतो. पुन्हा तोच बसवला की नीट दबत नाही आणि हवा घेतो. नवा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुना चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. (पोलादाचं याच्या उलट असतं, म्हणून मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की खरं वाटायचं नाही.) मग बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर दोन्ही बाजू घासा. कडेपासून कडेपर्यंत एकसारखी चमक आली की वॉशर सपाट झाला. एखादी काळी रेघ आरपार राहिली असेल तर हवा तिथूनच जाणार.

आता हवा काढणं. जुन्या डिझेल गाडीवाल्याला हे झोपेतही यायला हवं. काम सुरू करण्याआधी फिल्टरच्या आसपासचा भाग डिझेलने धुऊन, पुसून घ्या. धूळ ही पंपाची खरी वैरीण. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा आणि प्रायमर मारत राहा. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल मिळून, मग बुडबुडे नसलेली सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पंपावर ब्लीड स्क्रू असेल तर तिथेही तसंच. तरीही सुरू झाली नाही तर नोझलकडच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडच्या) पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, डिझेल फुटलं की एकेक आवळा. सेल्फ सलग दाबून धरू नका, मध्ये थांबा, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही तापतात.

एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. नोझलचा दाब शंभर बारच्या पुढचा असतो. त्या बारीक फवाऱ्यासमोर हात धरला, तर डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरी हळद लावून बसू नका, त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा.

प्युजोच्या 2112 सीसी एक्सडीपी 4.90 इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत जळतं, म्हणून त्याला गार असताना हीटर प्लग लागतात. ते गेले तरी सकाळी त्रास होतो, पण तेव्हा सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. धूर आला म्हणजे डिझेल पोचतंय, नुसतं पेटत नाहीये. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाहीये. उद्या सकाळी प्रायमर दाबायच्या आधी कुणाला तरी मागे उभं करून हे बघून घ्या.

शिकण्याचा क्रम विचारलात, तर हे इंधनाचं काम पार पडल्यावर इंजिन ऑइल, एअर फिल्टर, फॅन बेल्ट, ग्रीसिंग, कूलंट, मग टॅपेट. पंपाचं पोट आणि नोझलचा दाब हे मात्र टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचंच काम. घरी ते मोजायला साधन नाही आणि न मोजता फिरवलेला स्क्रू इंजिन खातो. ब्रेकचं काम पहिल्यांदा जाणत्याच्या शेजारी बसून करा. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं.

आणि तुमच्या भागात हमखास दिसतं म्हणून सांगतो : उचललेली गाडी टेकवायला जांभ्याचा चिरा घोडी म्हणून वापरू नका. चिरा भिंतीत उभा राहतो, पण जीपचा ॲक्सल एका कोपऱ्यावर टेकला की फुटतो, पावसात भिजलेला तर लवकरच. लोखंडी घोड्यांची जोडी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही शिरायचं नाही, कुणी कितीही हाक मारली तरी.

प्रश्न : पान्यांचा एक चांगला सेट घेतला तर जुन्या जीपला पुरेल का? – सांगली

उत्तर : एक पुरणार नाही. महिंद्राने 1947 मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि या गाड्यांच्या गिअरबॉक्स-ॲक्सलमध्ये तो वंश पुढे बराच काळ राहिला. तिथले बरेच नट इंची. इंजिन फ्रेंच वंशाचं, म्हणून तिथले नट मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कान गोल करतो. त्यामुळे रिंग पाने दोन्ही मापांचे घ्या, गोटी पान्याचा सेट सहा कोनांचा घ्या आणि टॉर्क रेंच घ्याच. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतील. मशीनवर करून घ्यायचं काही असेल तर तुम्हाला कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे.

प्रश्न : आंबोलीत चिखलात फोर बाय फोर टाकला, तसाच डांबरी रस्त्याने खाली आलो. आता फोर बाय फोरचा दांडा निघत नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) खोलावी लागेल का? – सावंतवाडी

उत्तर : खोलू नका. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची जोडणी, नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाकं घसरून निघून जातो. डांबरावर टायर धरून बसतो आणि तो पीळ शाफ्टमध्ये, दात्यांत साठतो. दांडा त्या पिळाने अडकलाय. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळूहळू मागे घ्या आणि हलक्या हाताने दांडा ओढा. बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर बाकीच्या चाकांना उटी लावून पुढचं एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटताना चाक झटक्याने फिरू शकतं, म्हणून हात-पाय लांब. दांड्यावर हातोडी मारू नका, शिफ्टर वाकला तर मात्र खरंच खोलावी लागेल. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले आहेत ना, तेही बघा. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर सरळ रस्त्यावरही पीळ भरतो.

प्रश्न : ओढ्यातून गाडी काढल्यावर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ झालंय. ऑइल सील बदलू का? – जुन्नर

उत्तर : आधी ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड, बघा. ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला बोटभर उंचीची एक टोपी असते, चिखलाने ती हमखास बुजते. गरम ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठाकडून पाणी ओढते. तोच बंद ब्रीदर उन्हाळ्यात आतला दाब वाढवून सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि लोक सीलवर सील बदलत राहतात. टोपी काढून डिझेलने धुवा, हाताने फिरवून मोकळी होते का बघा. वारंवार ओढा ओलांडत असाल तर तिथून रबरी नळी काढून टपाजवळ उंच बांधा.

दुधाळ ऑइल ठेवू नका, बेअरिंग गंजतात. बदलताना वरचा भरायचा प्लग आधी सैल करून बघा, मगच खालचा काढा. खालून सगळं ऑइल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून निघालाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. खालच्या प्लगला लागलेला गाळ बोटांत चोळा. गुळगुळीत करडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमचमणारे कण किंवा तुकडे लागले तर गाडी चालवू नका, क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य दात्यांची जोडी) बघणाऱ्याला बोलवा आणि तो गाळ कागदात घेऊन त्याला दाखवा.